विंडोज ११ वर गेल्यावर कीबोर्ड, माऊस किंवा टचपॅड बंद पडला तर काय करायचं

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. कराडजवळच्या एका शाळेत ती शिकवते. निकालपत्रकं भरायचा शेवटचा दिवस होता आणि आदल्या रात्रीच तिने लॅपटॉपवर विंडोज १० वरून विंडोज ११ घेतलं होतं. सकाळी टचपॅडवर बोट फिरवलं तर बाण जागचा हलेना. 'दादा, दुकानदार म्हणतो टचपॅड गेला, नवा टाकावा लागेल.' त्याने लॅपटॉप पाहिलाही नव्हता, फोनवरच निदान केलं होतं. तो टचपॅड आजही चालतो आहे, तोच, जुना. एक रुपया खर्च झाला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि घराघरांतले, शाळांमधले, दुकानांतले संगणक विंडोज ११ वर जाऊ लागले. तेव्हापासून असे फोन मला वारंवार येतात. यातली बरीचशी दुरुस्ती घरी बसून होते, फक्त ती क्रमाने करावी लागते.

आपण एखादं बटण दाबतो तेव्हा तो संदेश टप्प्याटप्प्याने पुढे जातो. आधी उपकरण आणि त्याची वायर, मग मदरबोर्डवरचं बायोस (विंडोजच्या आधी जागी होणारी मूळ यंत्रणा), मग ड्रायव्हर (उपकरण आणि विंडोज यांच्यातला दुभाषा), मग विंडोजमधल्या सेटिंग्ज आणि सगळ्यात शेवटी कोणत्या बटणाला कोणतं अक्षर हे ठरवणारा भाषेचा लेआउट. अपग्रेड प्रामुख्याने शेवटच्या तीन टप्प्यांत हात घालतं. वायर काही रातोरात तुटत नाही. म्हणून आधी शोधायचं ते एवढंच, की संदेश कुठपर्यंत पोचतो आणि कुठे अडतो.

आधी हातात काहीतरी चालतं करून घ्या

कीबोर्ड बंद आणि माऊस चालू असेल तर लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली माणसाच्या आकृतीचं चिन्ह असतं. त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो. त्यावर क्लिक करत पासवर्ड टाकता येतो.

माऊस आणि टचपॅड बंद, पण कीबोर्ड चालू असेल तर काम अवघड नाही. विंडोज बटण आणि आय एकत्र दाबलं की सेटिंग्ज उघडतात. टॅबने एका भागातून दुसऱ्या भागात जायचं, बाणांनी वर-खाली व्हायचं, एंटरने निवडायचं. उजव्या क्लिकऐवजी शिफ्ट आणि एफ१०. वेगळा अंकांचा भाग असलेला कीबोर्ड असेल तर डावीकडचे आल्ट आणि शिफ्ट धरून नम लॉक दाबा आणि विचारलं की एंटर करा. आता अंकांच्या बटणांनी बाण हलतो: ८ ने वर, २ ने खाली, ४ आणि ६ ने डावी-उजवीकडे, आणि ५ म्हणजे क्लिक.

दोन्ही बंद असतील तर शेजाऱ्यांकडून, ऑफिसमधून, कुठूनही एक साधा वायरचा यूएसबी माऊस आणि कीबोर्ड मागून आणा. वायरचाच हवा. ब्लूटूथवाला इथे उपयोगाचा नाही, कारण तो चालायला आधी विंडोज नीट सुरू व्हावं लागतं आणि जोडणीही करावी लागते.

बायोसमधली चाचणी

ही चाचणी पाच मिनिटांत उरकते आणि दुकानातला अनावश्यक खर्च वाचवते, म्हणून ती टाळू नका.

लॅपटॉप चालू करताच बायोसचं बटण सारखं दाबत राहायचं. डेल आणि एसरवर साधारण एफ२, एचपीवर एफ१०, आसुसवर एफ२ किंवा डिलीट, लेनोव्होवर मॉडेलप्रमाणे एफ१ किंवा एफ२. निळा-काळा किंवा रंगीत पडदा येईल. तिथे बाणांची बटणं चालतात का पाहा. नव्या बायोसमध्ये माऊसचा बाणही दिसतो, तेव्हा टचपॅडवर बोट फिरवून बघा.

इथे चाललं, तर उपकरण आणि वायर ठणठणीत आहेत आणि दोष विंडोजच्या बाजूला आहे. बहिणीला मी फोनवर हेच करायला लावलं. बायोसमध्ये बाण मजेत फिरत होता. दुकानदाराचं निदान तिथेच निकालात निघालं.

इथेही चाललं नाही, तर दोन शक्यता. एक, आतली पट्टीसारखी केबल सैल झाली आहे किंवा उपकरण खरंच गेलं आहे. दुसरी, बायोसमध्येच ते बंद ठेवलेलं आहे. टचपॅड किंवा इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस अशी ओळ शोधा आणि ती इनेबल्ड आहे ना ते बघा. एसरच्या काही मॉडेलांत टचपॅडसमोर बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन पर्याय असतात. आधीचा पर्याय लिहून ठेवून दुसरा लावून पाहण्यासारखा आहे. ज्या बायोसमध्ये फक्त बटणांनीच काम चालतं, तिथे टचपॅड न चालण्यावरून मात्र काहीच ठरवू नका.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी एक काम न चुकता करा. अनेक लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि बायोसमधला बदल जाणवला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती आधीच कागदावर उतरवून घ्या. कीबोर्ड दुरुस्त करताना अख्खा डेटा अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

मधल्याच टप्प्यावर बंद पडण्याचा प्रकार

ऑक्टोबर २०२५ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. १४ तारखेला आलेल्या केबी ५०६६८३५ या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांत यूएसबी कीबोर्ड आणि माऊस बायोसमध्ये चालायचे, नेहमीच्या विंडोजमध्येही चालायचे, पण दुरुस्तीसाठी येणाऱ्या निळ्या रिकव्हरी पडद्यावर मुके व्हायचे. रिकव्हरी ही विंडोजच्या आत दडलेली स्वतंत्र, छोटी यंत्रणा आहे. नेहमीच्या विंडोजमध्ये सगळं चालतं म्हणून तिथेही चालेलच असं नसतं. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला केबी ५०७०७७३ हे तातडीचं अपडेट देऊन तो दोष दूर केला.

तुमचा संगणक तेव्हापासून कपाटात पडून असेल आणि आता रिकव्हरीत अडकला असेल, तर टचस्क्रीन, जुन्या गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड किंवा दुसऱ्या संगणकावर तयार केलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह हे मार्ग आहेत. विंडोज उघडत असेल तर आधी सगळी अपडेट पूर्ण करा, मगच रिकव्हरीच्या वाटेला जा.

साधी कारणं, जी चटकन तपासून होतात

संगणक 'शट डाउन' करून पुन्हा चालू केला म्हणजे सगळं नव्याने सुरू झालं असं आपल्याला वाटतं. पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला राहतो. म्हणून रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट धरून शट डाउनवर क्लिक करा. डेस्कटॉप असेल तर त्यानंतर मागची वायर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा.

कीबोर्ड चालतो, पण बटण बराच वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटतं, असं होत असेल तर फिल्टर कीज चालू झाल्या आहेत. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबलं गेलं की त्या सुरू होतात. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, आणि तिथे त्या बंद करा. कीबोर्ड गेला म्हणून माझ्याकडे आलेल्या एका वकील काकांच्या संगणकात एवढंच होतं.

टचपॅडसाठी वरच्या रांगेत टचपॅडचं चित्र असलेलं एफ-बटण एफएनसोबत दाबून बघा. मग सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, टचपॅड. तिथलं मुख्य बटण ऑन आहे ना? त्याच्याच आत, माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही, असा एक चौकोन असतो. तो रिकामा असेल तर वायरलेस माऊसचा छोटा डोंगल नुसता खोचलेला असला तरी टचपॅड बंद राहू शकतो. डोंगल काढून एकदा बघाच.

डोंगलवाला माऊस अडखळत असेल तर तो मागच्या किंवा दूरच्या यूएसबी पोर्टला लावा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क शेजारीच असेल तर तिच्या विद्युत गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ संदेश दबतो. एक छोटी एक्स्टेन्शन केबल त्यावर पुरते. आणि सेल बदला.

डिव्हाइस मॅनेजर: खरं काम इथे होतं

विंडोज आणि एक्स दाबून मग एम दाबा. डिव्हाइस मॅनेजरची यादी उघडेल. त्यातले कीबोर्ड्स, माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस, ह्युमन इंटरफेस डिव्हाइसेस आणि सिस्टीम डिव्हाइसेस हे चार गट आपल्या कामाचे. अदर डिव्हाइसेस असा गट दिसला तर त्यातली उपकरणं विंडोजला ओळखता आलेली नाहीत असं समजा.

पिवळा त्रिकोण शोधा, त्यावर एंटर करा आणि डिव्हाइस स्टेटसमधला कोड वहीत लिहून घ्या. पुढचा सगळा मार्ग त्या आकड्यावर ठरतो. कोड २२ म्हणजे उपकरण बंद करून ठेवलंय, उजवं क्लिक करून इनेबल केलं की झालं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हर चढतच नाही, आणि कोड १९ म्हणजे रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, नोंदी बिघडल्या आहेत. शेवटच्या दोघांकडे पुढे येतो.

साध्या यूएसबी कीबोर्ड-माऊसला सहसा कंपनीचा ड्रायव्हर लागतच नाही, विंडोजचा स्वतःचा पुरतो. म्हणून त्यावर उजवं क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, मग रीस्टार्ट. विंडोज ते उपकरण पुन्हा शोधून नव्याने बसवतं. हे करताना दुसरं एखादं चालतं उपकरण जोडलेलं असू द्या, नाहीतर मधेच हात बांधले जातात. अपग्रेडनंतर ड्रायव्हर बदलला गेला असेल तर प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर या पानावर रोल बॅक ड्रायव्हर हे बटण दाबता येतं. ते फिकट दिसलं तर मागे जायला जुनं काही उरलेलं नाही.

काही मिनिटांनी माऊस झोपत असेल तर यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट उघडा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाका.

आता लॅपटॉपचा टचपॅड. इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याचशा लॅपटॉपांत टचपॅड यूएसबीने नाही, तर आयटूसी नावाच्या बारीक जोडणीने मदरबोर्डला जोडलेला असतो. यादीत तो आयटूसी एचआयडी डिव्हाइस म्हणून दिसतो. तो चालायला आधी ती जोडणी सांभाळणारा कंट्रोलर चालावा लागतो. इंटेलच्या मशिनवर सिस्टीम डिव्हाइसेसमध्ये इंटेल सीरियल आयओ आयटूसी होस्ट कंट्रोलर असं नाव दिसतं, एएमडीवर एएमडी आयटूसी कंट्रोलर. कंट्रोलरचा ड्रायव्हर गेला की टचपॅड एक तर यादीतून गायब होतो किंवा कोड १० दाखवतो. मग माणसं टचपॅडचा ड्रायव्हर पुन:पुन्हा टाकत बसतात. पूल वाहून गेलेला असताना पलीकडच्या गाडीत पेट्रोल भरून काय होणार?

बहिणीच्या लॅपटॉपमध्ये नेमकं हेच होतं. लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा सीरियल नंबर तिला वाचायला सांगितला, उत्पादकाच्या सपोर्ट पानावर तो टाकला आणि त्या मॉडेलचे ड्रायव्हर या क्रमाने घेतले: आधी चिपसेट, रीस्टार्ट, मग सीरियल आयओ, रीस्टार्ट, शेवटी टचपॅड. तिसऱ्यापर्यंत जावंच लागलं नाही. सीरियल आयओनंतरच्या रीस्टार्टला बाण हलला.

त्या पानावर विंडोज ११ चा ड्रायव्हर नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटवाला बहुतेकदा चालतो. शिवाय सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथेही ड्रायव्हर येऊन पडलेले असतात. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. चुकीच्या मॉडेलचे ड्रायव्हर टाकून त्यांनी केलेला घोळ निस्तरायला मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ जातो.

कोड ३९ आणि १९: जुन्या पाहुण्यांचा घोळ

काही सॉफ्टवेअर कीबोर्ड आणि विंडोज यांच्या मधे स्वतःचा ड्रायव्हर बसवतात. बटणांची अदलाबदल करणारी, गेमिंग कीबोर्डची, काही सुरक्षेची. अपग्रेडमध्ये ते सॉफ्टवेअर मोडतं, पण मधल्या ड्रायव्हरची नोंद रजिस्ट्रीत तशीच राहते. विंडोज तिला हाक मारतं, उत्तर येत नाही आणि अख्खा कीबोर्ड अडतो.

आधी खात्री करा. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि आकडा ४. ही सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. इथे यूएसबी कीबोर्ड चालला आणि नेहमीच्या विंडोजमध्ये चालत नसेल, तर बाहेरच्या सॉफ्टवेअरवर संशय पक्का. लॅपटॉपचा टचपॅड मात्र सेफ मोडमध्ये धडधाकट असूनही बंद दिसू शकतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. ते सॉफ्टवेअर नीट अनइन्स्टॉल करणं हा पहिला उपाय. तेवढ्याने काम झालं तर रजिस्ट्रीला हात लावू नका.

नाहीच झालं तर रजिस्ट्री एडिटर उघडून एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास इथपर्यंत जा. लांबलचक क्रमांकांच्या फोल्डरांतलं एक असं सापडेल, ज्याच्या उजवीकडे क्लास या नावासमोर कीबोर्ड लिहिलेलं आहे. त्या फोल्डरची आधी एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा. मग अपरफिल्टर्स उघडा. त्यात केबीडीक्लास ही ओळ असते, ती हवीच. तिच्यासोबतची, काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची ओळ तेवढी पुसायची. माऊसच्या फोल्डरमध्ये हीच जागा माउक्लासची. इंटरनेटवर 'अपरफिल्टर्स डिलीट करा' असा सरसकट सल्ला सापडतो. तो सीडी ड्राइव्हच्या दुरुस्तीतला आहे. कीबोर्डच्या बाबतीत तसं केलंत तर कीबोर्ड पूर्ण बंद पडेल.

कोड ३९ चं दुसरं कारण विंडोजची सुरक्षा. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे मेमरी इंटेग्रिटी नावाचं बटण आहे. जुने, न जुळणारे ड्रायव्हर ते रोखतं. ते बंद केलं की उपकरण चालू होईलही, पण मी तसं करत नाही. बँकेचे व्यवहार होतात त्या संगणकावर तर नाहीच. त्याच पानावर न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी पाहायला मिळते. नाव बघून तो ड्रायव्हर काढा आणि नवा शोधा.

पेन टॅब्लेट, जुनी बोटांचे ठसे घेणारी यंत्रं अशांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा: विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. उपकरणासाठी ३२ बिटचाच ड्रायव्हर असेल तर ते इथे चालणार नाही, कितीही खटपट केली तरी.

ब्लूटूथवाल्या उपकरणांना फार वेळ देऊ नका. यादीतून काढून टाका, पूर्ण शट डाउन करा, पुन्हा जोडा. ब्लूटूथचं बटणच सेटिंग्जमधून नाहीसं झालं असेल तर त्याचा ड्रायव्हर उत्पादकाच्या पानावरून घ्या.

बटणं चालतात, पण अक्षरं भलतीच उमटतात

पासवर्ड बरोबर असून विंडोज नाकारतं, अशी तक्रार मराठीत टाइप करणाऱ्यांकडून हमखास येते. लॉगिनच्या पडद्यावर इनस्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट निवडलेला असेल तर ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरं जात असतात आणि आपल्याला दिसत नाहीत. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला, आणि पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्यावर क्लिक करून खात्री करा. ॲट द रेटच्या बटणावर दुहेरी अवतरणचिन्ह येत असेल तर यूके इंग्लिशचा लेआउट लागलेला आहे.

मराठी कीबोर्ड गायब झाला असेल तर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन. मराठीसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, अ‍ॅड अ कीबोर्ड. इथे इनस्क्रिप्टही आहे आणि 'मी' साठी एम-आय टाइप करण्याची सवय असलेल्यांसाठी मराठी फोनेटिकही. हा फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोजमध्येच मिळतो. नको असलेला लेआउट याच पानावरून काढून टाका, म्हणजे चुकून बदलणार नाही.

काहीच जमलं नाही तर मागे फिरा

सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे गो बॅक हे बटण आहे. अपग्रेड केल्यापासून १० दिवसच ते चालतं, म्हणून प्रयोगांत दुसरा आठवडा उजाडू देऊ नका. त्या काळात डिस्क साफ करताना विंडोज.ओल्ड हे फोल्डर पुसलंत तर ही वाट बंद होते. अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि बदललेल्या सेटिंग्ज जातील. फाइली राहतात, तरी त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्याच. विंडोज १० वर परतल्यावर एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्समध्ये नाव नोंदवलं तर घरच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. तोवर उत्पादकाकडून ड्रायव्हर येतो का, ते पाहता येईल. गो बॅक दाबण्याआधी चार्जर लावा आणि विंडोज १० मध्ये वापरत होतात तो पासवर्ड आठवतोय ना, ते बघा. परत गेल्यावर तोच लागतो.